सोलंगच्या बर्फात उरुळीची पिकअप

आमची नर्सरी उरुळी कांचनला. माल पोचवायला चार वर्षांपूर्वी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी पिकअप घेतली, कारण आमच्या गिऱ्हाइकांची फार्महाऊस पानशेत, मुळशी, वेल्हे अशा बाजूला आणि पावसाळ्यात तिथं साधी गाडी चिखलात बसली की सगळा दिवस गेला. या चार पावसाळ्यांत रस्त्यात अडकलेल्या दुसऱ्यांच्या गाड्या पण भरपूर ओढल्या, त्यामुळे टोचनचा म्हणजे गाडी ओढायचा पट्टा, तो अडकवायचं लोखंडी डी शॅकल, फावडं, बॅटरीची केबल हे सगळं मागं हौद्यात कायम असतंच. बर्फात काय लागतं याचा मात्र काही अंदाज नव्हता.

मनालीच्या वर सोलंगला बर्फ बघायला निघालो ते आम्ही तिघं होतो. मी, दाजी (त्यांचं लोणीला गॅरेज आहे) आणि मामा. मामांनी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी स्वारगेट-महाड, वरंध घाटातनं. रिटायर झाल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, एकदा बर्फातला घाट बघायचा, बाकी काही नको.

दिवस पहिला, २३ डिसेंबर २०२४, सोमवार : उरुळी ते इंदूर

पहाटे साडेतीनला निघालो, केसनंद, मरकळ, आळंदी करून चाकण, कारण उजाडल्यावर चाकणमधे शिरणं म्हणजे दोन तास तिथंच. नारायणगावला चहा, सिन्नर, नाशिक, चांदवड, धुळे, आणि शिरपूर सोडलं की बिजासन घाट. घाटात माल भरलेले ट्रक इतके हळू उतरत होते की मामा खूश, म्हणाले बघ, ब्रेकवर पाय नाही, गिअरवर उतरतोय तो. या वाक्याचा पुढं आम्हाला किती उपयोग होणार आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

इंदूरला लॉजवर पोचलो आणि फोनवर बातमी, सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फामुळे हजारेक गाड्या अडकल्या, पोलिस रात्री माणसं बाहेर काढतायत. आम्ही जिथं निघालो होतो तीच जागा. घरून फोनवर फोन, परत फिरा म्हणून. मामा म्हणाले अजून तीन दिवस आहेत पोचायला, तोवर रस्ता मोकळा होईल, आणि नाहीच झाला तर मनालीतनं बघू.

दिवस दुसरा, २४ डिसेंबर : इंदूर ते जयपूर

उज्जैन, आगर, झालावाड, कोटा. कोट्याच्या अलीकडं दरा नावाच्या ठिकाणी जंगलात रस्ता अरुंद आहे, तिथं ट्रकची रांग लागली होती, पावणेदोन तास गेले. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस तिसरा, २५ डिसेंबर : जयपूर ते चंदीगड

नारनौलपासून १५२ डी हा नवा हायवे लागतो, २२७ किलोमीटर सरळसोट, मधे गाव नाही की सिग्नल नाही. सकाळी धुकं होतं म्हणून उशिरा निघालो.

चंदीगडला दाजींनी गाडीची तयारी केली आणि हे जरा नीट लिहितो, कारण आपल्याकडनं जाणारे बरेचजण इथंच चुकतात. पुण्यात रेडिएटरमधे थोडं पाणी कमी झालं की आपण बिसलेरी ओततो, चालून जातं. तिकडं तेच पाणी गोठलं की फुगतं आणि ब्लॉक किंवा रेडिएटर फुटू शकतो. कूलंट निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर उणे तीसच्या खाली गेलं तरी गोठत नाही. वायपरच्या बाटलीतलं साधं पाणी पण काढून टाकलं. डिझेलचं पण तसंच आहे, थंडीत त्यातलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोंदतो, म्हणून खालचं डिझेल संपवून वर जाईल तसं तिथल्या पंपावर भरायचं. नव्या डिझेल गाड्यांत ते युरियाचं निळ्या झाकणाचं पाणी असतं ते उणे अकराला गोठतं, त्याची गाडीतच गरम करायची सोय असते, पण वेगळा कॅन घेऊन जात असाल तर तो गाडीच्या आत ठेवा.

दिवस चौथा, २६ डिसेंबर : चंदीगड ते मनाली

किरतपूरपासून चौपदरी झालाय, बोगद्यामागं बोगदे. मंडीनंतर पंडोहचं धरण, मग औटचा लांब बोगदा, आणि तिथनं पुढं बियास नदी शेजारीच. मामा खिडकीतनं मान आत घेईनात.

मनालीत पोचल्या पोचल्या दाजी एका मेकॅनिककडं गेले आणि बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या चेनच्या दोन जोड्या भाड्यानं आणल्या. हॉटेलच्या अंगणात कोरड्या फरशीवर आम्ही तीन वेळा चेन लावली आणि काढली. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, तिसऱ्यांदा नऊ. चेन चाकामागं पसरायची, वरनं घ्यायची, आतल्या बाजूचा हुक आधी लावायचा, तो हाताला दिसत नाही, चाचपून लावावा लागतो, मग बाहेरचा, मग गाडी चार फूट पुढं घेऊन परत आवळायची. हे शेवटचं आवळणं विसरलं की चेन सैल पडून ब्रेकच्या पायपात अडकते. हे काम अंधारात, बर्फात गुडघे टेकून, बोटं बधिर झालेली असताना पहिल्यांदाच करणाऱ्याला जमणं अवघड आहे, म्हणून ज्यांना जायचंय त्यांनी हॉटेलच्या दारातच शिकून घ्या, कळकळीनं सांगतो.

रात्री जेवताना टीव्हीवर मनमोहन सिंग गेल्याची बातमी. हॉटेलचा मालक, वेटर, आम्ही, सगळे उभे राहूनच बघत होतो. बाहेर ढग खाली आले होते.

दिवस पाचवा, २७ डिसेंबर, शुक्रवार : सोलंग

सकाळी नऊला निघालो. बेत असा की सोलंगवरनं अटल बोगद्यातनं पलीकडच्या सिस्सू गावाला जायचं आणि दुपारी परत. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला, त्याच्या आधी पलीकडच्या लाहौल खोऱ्यातली माणसं हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली की महिनोन्महिने तिकडंच अडकून असायची. मनाली दोन हजार मीटरच्या जरा वर, सोलंग अडीच हजार आणि बोगद्याचं तोंड तीन हजारावर. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरमधे हजार मीटर चढ. खाली नुसता पाऊस असेल तेव्हा वर बर्फ असतो, आणि हेच खालनं निघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पलचान सोडलं आणि भुरभुर सुरू झाली. सोलंगला पोचलो तेव्हा बर्फ चांगलाच पडत होता आणि पोलिस पुढं सोडत नव्हते. लोक मात्र आनंदात. भाड्याचे रंगीत कोट, गमबूट, मॅगीच्या टपऱ्या, पोरं बर्फाचे गोळे मारतायत. आम्ही पण चहा घेतला, मामांनी तळहातावर बर्फ घेऊन बराच वेळ बघितला. दोनच्या सुमाराला टपरीवाल्यानं पाल गुंडाळायला घेतली, मामांनी ते बघितलं आणि म्हणाले चल, इथला माणूस दुकान बंद करतोय म्हणजे आपण पण निघायचं. चारही चाकांना चेन लावली आणि फिरलो.

पण तोवर सगळेच फिरले होते. एका बाजूला रांग, मधनं कुणीतरी घुसलेलं, समोरनं वर येणारे अजून येतच होते. चाकाखाली बर्फ दाबून दाबून त्याचा सिमेंटसारखा कडक थर झाला आणि त्यावर टायरच्या घासण्यानं पाण्याचा पातळ पापुद्रा. त्या पापुद्र्यावर गाडी उभी असतानासुद्धा घसरते. हे मी डोळ्यांनी बघितलं, ड्रायव्हर बाहेर उभा आणि गाडी एकटीच आडवी होत पुढच्या गाडीला जाऊन टेकली.

पहिली गाडी भेटली ती एमएच चौदा पासिंगची, चिंचवडचं कुटुंब, नवरा बायको, दोन मुलं आणि आजी. चाकं जागेवर फिरत होती आणि तो बिचारा अजूनच रेस देत होता. रेस दिली की चाक बर्फ घासून त्याची काच करतं, गाडी अजून खाली बसते. त्याच्या गाडीला चेन होती, पण मागच्या चाकांना. दाजी खाली वाकले आणि म्हणाले अहो ही गाडी पुढच्या चाकांवर ओढते, चेन पुढं पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या आणि आता एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, दिसायला कितीही उंच असल्या तरी, आणि भाड्यानं चेन देणारा गडबडीत बसवून मोकळा होतो. चेन काढून पुढं लावली, रबरी पायपुसणी चाकाखाली घातली, मामा त्याला म्हणाले दुसरा गिअर टाका, क्लच अगदी हळू सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावूच नका. निघाली. आजींनी काच खाली करून हात जोडले, मराठी ऐकूनच त्यांना धीर आला असावा.

त्यानंतर मी जरा जोरात आलो. म्हणलं आपल्याकडं पट्टा आहे, चेन आहे, फोर बाय फोर आहे, काढू एकेक. दोन गाड्या निघाल्या पण. तिसरी एक लाल हॅचबॅक होती, वळणावर चढाच्या बाजूला तोंड करून अडकलेली. पट्टा बांधला, फोर लो (चारी चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकला, ओढली. पट्टा ताणला गेला तशी आमचीच मागची बाजू एकदम दरीकडं फिरली. पिकअपचं असं आहे की हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, आम्ही कायम मातीची पोती आणि रोपं भरून चालवतो म्हणून हे कधी जाणवलंच नव्हतं. मामा ओरडले, ब्रेक नको, पाय काढ! पाय काढला. गाडी बर्फाच्या ढिगात घुसून थांबली, ढिगाच्या पलीकडं कठडा आणि खाली नदी. माझे हात स्टिअरिंगवरनं निघेनात.

शेजारी एक तिथला टॅक्सीवाला, जुनी जिप्सी, तो चालत आला, काही रागावला नाही. एवढंच म्हणाला, "भाईसाब, गाड़ी छोड़ो, सवारी उठाओ." गाडी उद्या पण मिळेल, तिला थंडी वाजत नाही. आणि खरंच, तो दुपारपासून एकही गाडी ओढत नव्हता, नुसती माणसं खाली नेऊन सोडत होता. मामांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, आज उतारावर एकही गाडी ओढायची नाही. आधी हौद्यात बर्फ भरा. मी आणि दाजींनी फावड्यानं हौदा कडेपर्यंत बर्फानं भरला आणि वरनं दाबला. मागची चाकं जमिनीला चिकटली, फरक लगेच कळला.

अंधार पडला सव्वापाचला. आता जे लिहितोय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रांगेत एक मोठी गाडी होती, इंजिन चालू, काचा बंद, आतनं वाफ धरलेली. मागच्या बाजूला बर्फ बंपरपर्यंत आला होता. मी सहज टॉर्च मारला तर सायलेन्सरचं तोंड दिसेना, तिथं बर्फात नुसतं एक पिवळट ओलं भोक. काचेवर हात मारला. आत तरुण जोडपं आणि मागच्या सीटवर दोन लहान मुलं झोपलेली, हीटर चालू. तो माणूस म्हणाला डोकं जरा दुखतंय, थंडीनं असेल. मी जवळजवळ ओरडलोच, गाडी बंद करा, चारी दारं उघडा. मुलांना उठवलं, मोठी मुलगी पटकन उठली, धाकटा उठायला वेळ लागला, मिनिटभर तरी लागला असेल, तेवढ्यात त्याच्या आईचा चेहरा मी बघितला. मग तो रडायला लागला आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

सायलेन्सर बर्फानं बुजला की धूर गाडीखालनं आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाचं डोकं दुखतं, झोप येते, आणि थंडीनं असेल असंच वाटतं. जानेवारी २०२२ मधे पाकिस्तानातल्या मरी या गावाजवळ असंच बर्फात गाड्या अडकून वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही याच धुरानं, गाडीत बसल्या बसल्या. म्हणून अडकलात तर दर थोड्या वेळानं खाली उतरून सायलेन्सरच्या मागचा बर्फ हातानं काढायचा, इंजिन तासातनं थोडा वेळच चालू ठेवायचं आणि एक काच दोन बोटं उघडी. थंडी वाजेल, वाजू द्या.

मग आम्ही काम वाटून घेतलं. मामा गाडी चालवणार, दाजी शेजारी, मागच्या सीटवर चारजण, म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी. उघड्या हौद्यात कुणालाही बसवलं नाही, लोक विनवत होते तरी नाही, घसरली तर धरायला काय आहे तिथं. मी फावडं घेऊन रांगेतनं चालत राहिलो, प्रत्येक गाडीचा सायलेन्सर मोकळा करायचा आणि काच वाजवून तेच तेच सांगायचं. कुणी बिस्किटं दिली, एकजण खेकसला, बरेचजण उतरून माझ्याबरोबर पुढच्या गाड्यांचं करायला लागले. नाशिकची कॉलेजची सहा पोरं होती, त्यांनी तर अख्खा पट्टा वाटून घेतला आणि हातमोजे फाटेपर्यंत काम केलं.

पोलिस पण फोर बाय फोर गाड्या घेऊन लोकांना खाली नेत होते, धडधाकट माणसं टॉर्च घेऊन चालतच उतरत होती, नेहरू कुंडच्या बाजूनं बस आणि टॅक्सीची सोय होती. मामांच्या रात्रीत पाच फेऱ्या झाल्या. पहिला गिअर, ब्रेकला हात नाही की पाय नाही, इंजिनच्याच जोरावर उतरायचं. शेवटच्या फेरीत त्यांनी मला उचललं तेव्हा दोन वाजले होते. बासष्ट वर्षांचा माणूस, पण आवाज अगदी शांत, म्हणाले वरंधात धुक्यात असंच असतं, फक्त तिथं गाडी ऐकते.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत आलं, त्या दिवशी सोलंगला हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या आणि कुलू पोलिसांनी पाच हजार पर्यटक बाहेर काढले. आमच्या फेऱ्या म्हणजे त्यातली वीस माणसं.

दिवस सहावा, २८ डिसेंबर : गाड्या काढणं

आज गाड्या. सकाळी बर्फ चालूच होता, नाक्यावर चेन आणि फोर बाय फोर बघूनच सोडत होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचं काय होतं ते दाजींनी आज मन भरून बघितलं.

पहिली गोष्ट हँडब्रेक. रात्री ओढून ठेवला की ओली केबल आणि लायनर गोठतात, गाडी सुरू होते पण मागची चाकं फिरत नाहीत. गिअरमधे टाकून चाकाला दगड लावायचा, हँडब्रेक ओढायचा नाही. दुसरं वायपर, काचेला चिकटलेले, स्विच दाबला की मोटर जळते, ते रात्रीच उभे करून ठेवायचे. तिसरं बॅटरी, आमच्या केबलनं सात गाड्या चालू केल्या. आणि एकानं आमच्यासमोर काचेवर उकळतं पाणी ओतलं. आम्ही हो हो म्हणेपर्यंत काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली. थंड काचेवर गरम पाणी टाकू नका, प्लास्टिकच्या कार्डानं खरवडा, वेळ लागतो पण काच राहते.

ओढायचं म्हणाल तर आधी फावडं. चारी चाकांच्या पुढचा आणि पोटाखालचा बर्फ काढला की निम्म्या गाड्या ओढायलाच लागत नाहीत. ओढायचं झालंच तर हुक कुठं लावायचा हा प्रश्न. छोट्या गाड्यांच्या बंपरवर एक चौकोनी प्लास्टिकची टिकली असते, रुपयापेक्षा जरा मोठी, ती स्क्रू ड्रायव्हरनं उचकटली की आत आटे असतात, आणि स्टेपनीजवळच्या टूल किटमधे एक जाडजूड लोखंडी डोळा असतो, तो तिथं पिळून बसवायचा आणि पान्यानं कच्चून आवळायचा. काही गाड्यांना उलटे आटे असतात, फिरत नसेल तर जोर करू नका, दुसरीकडं फिरवून बघा. दिवसभरात चौदा गाडीमालकांना हे दाखवलं, एकालाही आधी माहीत नव्हतं आणि काहींचा तो डोळा टूल किटमधनं गायब होता. बंपरला, सस्पेन्शनच्या दांडीला नाहीतर गाडी ट्रकवर बांधायच्या पातळ हुकाला पट्टा लावला तर तो उपटून गोळीसारखा येतो. म्हणून पट्ट्यावर जाड जॅकेट टाकायचं, तुटला तर खाली बसतो, आणि पट्ट्याच्या लांबीएवढ्या अंतरात माणूस उभा करायचा नाही. लोक व्हिडिओ काढायला अगदी जवळ येतात, दाजींनी एका दोघांना दंडाला धरून बाजूला नेलं.

आमचा पट्टा साधा टोचनचा, तो ताणत नाही, त्यामुळे हिसका द्यायचा नाही, हळूहळू भार घ्यायचा. कायनेटिक रोप म्हणून नायलॉनचा जाड दोर मिळतो तो रबरासारखा ताणून मग खेचतो, हिसका गाडीला बसत नाही. तो जिप्सीवाल्याकडं होता आणि दुपारनंतर आम्ही दोघांनी मिळूनच काम केलं, तो पुढं, आम्ही मागं पट्टा बांधून धरून ठेवायला, म्हणजे मधली गाडी उतारावर पळणार नाही. ती लाल हॅचबॅक पण अशीच काढली. तिचा मालक, इंदूरचा मुलगा, पैसे काढायला लागला. जिप्सीवाल्यानं पाचशेची नोट घेतली आणि पेट्रोलपुरती पुरे म्हणाला, काल रात्री पण त्यानं कुणाकडं भाडं मागितलेलं मी तरी बघितलं नाही. आम्ही घेतले नाहीत, त्याच्या डब्यातले पराठे मात्र खाल्ले.

संध्याकाळी खाली आलो तेव्हा चिंचवडच्या आजी हॉटेलच्या खाली दाजींना भेटल्या, त्यांचं कुटुंब दोन गल्ल्या सोडून राहिलं होतं. गूळपोळ्यांचा डबा दिला, घरून आणलेला.

दिवस सातवा, २९ डिसेंबर : मनाली ते चंदीगड

लख्ख ऊन. डोंगर असे दिसले की मामा अंगणात खुर्ची टाकून तासभर बसले, कुणी त्यांना हलवलं नाही.

पण ऊन पडलं म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असं होत नाही. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी रस्ता नुसता काळा ओला दिसतो, त्यावर बर्फाची काच असते. ब्लॅक आइस म्हणतात. सावलीतली वळणं आणि पूल ही त्याची जागा, पुलाला खालनं पण वारा लागतो म्हणून तो आधी गोठतो. आम्ही मुद्दाम अकराला निघालो, ऊन डांबराला लागल्यावर. निघायच्या आधी हौद्यातला उरलेला बर्फ फावड्यानं काढायला गेलो तर त्याचा दगड झालेला, दाजींनी पहारीनं फोडला.

चेन परत करताना मेकॅनिकनं एकेक कडी बघितली, दोन घासून निम्म्या झाल्या होत्या. त्याचे पैसे द्यायला लागलो तर त्यानं हातानंच नको सांगितलं. त्याचा मेहुणा पण परवा रात्री तिकडंच अडकला होता म्हणे.

दिवस आठवा ते दहावा, ३० डिसेंबर ते १ जानेवारी

आलो तसाच परतीचा रस्ता, जयपूर आणि इंदूरला मुक्काम. ३१ ला रात्री इंदूरला फटाके वाजत होते आणि आम्ही नऊलाच झोपलो.

१ तारखेला चाकणपर्यंत नीट आलो. पुढं पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी माणसं लोटतात म्हणून दरवर्षी त्या दिवशी नगर रोड आणि चाकण-शिक्रापूरची वाहतूक वळवलेली असते. आम्ही गर्दीत न घुसता मोशी, पुण्यातनं हडपसर करून उरुळीला पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले.

सकाळी गाडी पूर्ण धुतली. सगळं सामान नर्सरीत शेडनेटखाली वाळत घातलं, मामा खाली बसून एकेक वस्तू बघत होते, शॅकलचे आटे, केबलचे चिमटे. पट्टा हातातनं सरकवत गेले आणि मधे थांबले, मला बोट लावून बघ म्हणाले. शिवणीच्या कडेला दोन बोटं रुंद चीर होती, बाहेरनं दिसत नव्हती, वाकवल्यावर उघडत होती. हा पट्टा लावून आम्ही २८ ला दिवसभर गाड्या ओढल्या होत्या. दाजी म्हणाले ठेवू, नर्सरीत कुंड्या बांधायला होईल. मामा म्हणाले नको, कुणीतरी पावसाळ्यात घाईत उचलून गाडीत टाकतो आणि माणसं आजूबाजूला उभी असतात. त्यांनी कोयता मागितला आणि मधोमध दोन तुकडे करून टाकले.